गुडघ्याखाली तीन बोटं : किल्टचे मोजे नेमके कुठवर चढवायचे

एडिनबरा, ग्लासगो, ॲबर्डीनला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मंडळींवर किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा लोकरी घागरा, नेसायची वेळ कधी ना कधी येतेच. मित्राचं लग्न असतं, २५ जानेवारीची बर्न्स नाइट (स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीची मेजवानी) असते, ३० नोव्हेंबरचा सेंट अँड्र्यूज डे असतो. किल्टची पट्टी कुठे बांधायची, स्पोरन (किल्टवर समोर लटकणारी पिशवी) कसं अडकवायचं, हे दाखवणारं कोणीतरी भेटतं. मोज्यांचं मात्र गृहीत धरलेलं असतं. मोजेच ते, त्यात शिकण्यासारखं काय? मग फोटोत एक मोजा गुडघ्याला टेकलेला आणि दुसरा पोटरीच्या मध्यावर लोळत आलेला दिसतो आणि हजारो रुपयांचा पोशाख त्या दोन मोज्यांपायी गबाळा वाटतो.

उत्तर आधी सांगून टाकतो. ताठ उभं राहिल्यावर गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून आडवी तीन बोटं खाली, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर किंवा २ इंचांवर, मोज्याची दुमडलेली वरची कड आली पाहिजे. दोन्ही पायांवर सारखीच. बोटं स्वतःचीच वापरायची, कारण मोठ्या माणसाची बोटंही रुंद असतात आणि माप आपोआप त्याच्या पायाला जुळतं. फार लांब नडगी असलेल्या उंच माणसाला साडेतीन-चार बोटं शोभतात, बुटक्या माणसाला अडीच चालतात. दोन बोटांहून कमी किंवा चार बोटांहून जास्त अंतर ठेवायचं नाही.

तीन बोटंच का

हे माप डोळ्यांच्या समाधानासाठी ठरलेलं नाही, पायाच्या घडणीतून आलेलं आहे. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात वाकवा आणि अंगठा वाटीच्या खालच्या टोकावर ठेवून सावकाश खाली आणा. आधी दोरीसारखा ताठ, किंचित दबणारा स्नायुबंध लागेल. तो संपतो तिथे नडगीच्या सुरुवातीला एक टणक उंचवटा हाताला येतो. बहुतेक प्रौढांमध्ये तो वाटीपासून तीन बोटांच्या आसपासच असतो. मोज्याची वरची कड या उंचवट्यावर येऊन थांबली की बरोबर. एकदा हा उंचवटा ओळखीचा झाला की बोटं मोजायची गरज उरत नाही, अंधारातही मोजा जागेवर बसवता येतो.

आता हात मागे न्या. गुडघ्यामागची घडी आणि पोटरीचा फुगवटा यांच्यामध्ये पाय थोडा अरुंद असतो. मोजा धरून ठेवणारं गार्टर बसतं ते या अरुंद जागेत. करदोटा कमरेच्या हाडांवर टेकतो म्हणून खाली घसरत नाही. तसंच गार्टर पोटरीच्या फुगवट्यावर टेकून राहतं. मोजा याहून खाली ठेवला तर गार्टर फुगवट्याच्या उतारावर येतं आणि पावलागणिक खाली सरकतं. कितीही आवळा, ते थांबत नाही, कारण आवळल्याने त्याला अरुंद जागेकडे, म्हणजे घोट्याकडे जायचीच ओढ लागते. मोजे घसरतात म्हणून तक्रार करणाऱ्यांनी आधी हे तपासावं. बहुतेक वेळा दोष मोज्याच्या लोकरीत नसतो, गार्टर दोन बोटं खाली बांधलेलं असतं.

मोजा उंच गेला तर काय होतं, तेही पाहू. बसल्यावर गुडघ्यामागची घडी मोज्याच्या जाड दुमडीवर दाबते. जेवणाच्या टेबलाशी तासभर बसलं की तिथे लाल वळ उठतो, घाम साचतो, खाज सुटते. उठून चालायला लागलं की वाटी प्रत्येक पावलाला मोज्याची कड खाली ढकलते, त्यामुळे समोरची बाजू खाली जाते आणि मागची तिथेच राहते. कड तिरकी दिसू लागते. शिवाय किल्टचा घेर आणि मोज्याची कड यांच्यामधला उघडा गुडघा झाकला जातो. तो उघडा गुडघा या पोशाखाचा भागच आहे. तो दिसला नाही तर लांबून पाहणाऱ्याला घागरा आणि पायघोळ मोजे यांचं काहीतरी विचित्र मिश्रण वाटतं.

आधी किल्ट, मग मोजे

मोज्यांची उंची चुकते तेव्हा निम्म्या वेळा मूळ चूक किल्टची असते. आपल्याला जीन्सची सवय. जीन्स कमरेच्या हाडांवर बसते, म्हणून किल्टही तिथेच बांधली जाते. किल्ट त्या जागेसाठी शिवलेली नसते. ती बेंबीच्या पातळीला, म्हणजे धडाच्या सगळ्यात अरुंद भागावर नेसायची असते, आणि तिची वरची पट्टी बेंबीच्याही थोडी वर येते. दोन इंच खाली बांधली की खालची कडही दोन इंच उतरते आणि गुडघा झाकते. मग नेसणाऱ्याला वाटतं की मोजे फार वर आलेत, आणि तो ते खाली ढकलतो. एका चुकीवर दुसरी चूक बसते.

म्हणून मोज्यांना हात लावण्याआधी किल्ट पूर्ण नेसा, पट्टे आवळा आणि आरशासमोर उभे राहा. किल्टची खालची कड वाटीच्या वरच्या टोकापासून मध्यापर्यंत कुठेही आली तरी चालते. मध्याच्या खाली मात्र नको. जुनी चाचणी अशी आहे : दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून पाठ ताठ ठेवायची. किल्टची कड जमिनीपासून सुमारे इंचभर वर राहिली तर लांबी बरोबर. कड जमिनीवर पसरली तर किल्ट खाली बांधली आहे किंवा लांब आहे. ही चाचणी एकट्याने करू नका. खाली वाकून पाहायला गेलं की किल्टही हलते, म्हणून बघायला दुसरं कोणीतरी हवं.

किल्ट जागेवर असेल आणि मोजेही तीन बोटांवर असतील, तर दोन्ही कडांच्या मध्ये तीन ते चार इंच पाय उघडा राहतो आणि वाटी त्या पट्ट्याच्या वरच्या भागात येते. हा पट्टा दोन्ही पायांवर सारखा दिसला की पोशाख आपसूक व्यवस्थित वाटतो. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला ते कळतं.

चढवायची रीत

मोजे बसून चढवायचे आणि उभं राहून जुळवायचे. बसल्यावर पोटरीचा आकार बदलतो, त्यामुळे बसून जुळवलेली कड उभं राहिल्यावर हलते.

मोजा आधी बाहेरून आत गोळा करा, अगदी टाचेच्या खळग्यापर्यंत. पाऊल घाला, बोटांकडचा जोड बोटांवर आडवा सरळ आणा, मग टाच टाचेत बसवा. टाच चुकली तर वरचं सगळं चुकतं. टाचेची वीण घोट्यामागे वर सरकलेली असेल तर पायाला लागणारा मोजा वरच्या भागातून खेचला जातो आणि तासाभरात कड खाली येते. टाच नीट बसली की मोजा दोन्ही हातांनी, चारही बाजूंनी थोडा थोडा वर चढवा. एकाच बाजूने ओढला तर उभी वीण पायाभोवती पिळवटते. वीण सरळ आहे का ते पाहायची खूण म्हणजे नडगीच्या धारेवर येणारी एक उभी रेघ. ती घोट्यापासून गुडघ्यापर्यंत धारेवरच राहिली पाहिजे.

आता मोजा पूर्ण वर ओढा, गुडघा झाकेपर्यंत. दुमडायची घाई नको. उभे राहा. नडगीच्या त्या टणक उंचवट्याच्या बोटभर खाली, मोज्याच्या बाहेरून, गार्टर बांधा. गार्टर बसलं की वर उरलेला मोजा त्याच्यावर खाली उलटा. दुमडीची वरची कड गार्टरच्या वरच्या काठापासून अर्धा ते एक सेंटीमीटर वर राहिली पाहिजे, म्हणजे गार्टर दिसत नाही आणि कडही गोल, भरीव दिसते. कड गार्टरला चिकटूनच दुमडली तर इलॅस्टिकची धार उठून दिसते.

दुमड ३ ते ४ इंच खोल असावी. चांगल्या मोज्यांमध्ये दुमडीचा भाग वेगळ्या विणीचा किंवा नक्षीचा असतो आणि तो उलटा विणलेला असतो, म्हणजे दुमडल्यावर सुलट बाजू बाहेर येते. अशा मोज्याला दुमडायची रेघ ठरलेली आहे. ती रेघ सोडून वर-खाली दुमडलं तर विणीची उलटी बाजू मध्येच दिसते. मग मोजा पायाला लांब पडत असेल तर जास्तीचं कापड जायचं कुठे? घोट्याशी गोळा करू नका, तिथे वळ्या पडतात आणि बुटाच्या नाडीखाली त्या टोचतात. पोटरीच्या सबंध लांबीवर बोटांनी थोडं थोडं खाली पसरा. लोकर तेवढं सामावून घेते. इंच-दीड इंचाहून जास्त उरत असेल तर मोजा एका मापाने मोठा आहे, बदलून घ्या.

दोन्ही पाय झाले की बूट घाला आणि जमिनीपासून कडेपर्यंत मोजपट्टीने मोजा. साधारण पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाला बुटासकट हे अंतर ४२ ते ४५ सेंटीमीटर भरतं. आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही पायांचा आकडा सारखा येणं महत्त्वाचं. डोळ्यांनी पाहून अर्ध्या इंचाचा फरक स्वतःला दिसत नाही, कारण आपण वरून पाहतो. समोरच्याला तो लगेच दिसतो.

गार्टर किती आवळायचं

इथे थोडं सावकाश वाचा, कारण ही बाब फक्त दिसण्यापुरती नाही.

पोटरीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या थोडं खाली, हाडाचं एक गोल टोक हाताला लागतं. त्याच्या लगेच खालून पायाची एक मोठी नस (मज्जातंतू) हाडाला वळसा घालून पुढे येते. त्या ठिकाणी तिच्यावर मांसाचं आवरण जवळजवळ नसतंच. गार्टर त्या भागात घट्ट आवळलं आणि चार-पाच तास तसंच ठेवलं, तर नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर होतो, मुंग्या येतात. दाब फारच असेल तर पायाचा अंगठा वर उचलायला जड जातो. असं काही जाणवलं तर त्याच क्षणी गार्टर सोडा, समारंभ चालू असला तरी. अंगठा उचलता येणं लगेच पूर्ववत झालं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

म्हणून नियम साधा : गार्टर बांधल्यावर त्याच्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे, दोन बोटं सरकली तर सैल. पट्टी इंचभर तरी रुंद हवी. बारीक रबराची पट्टी तेवढाच जोर कमी जागेत लावते आणि मांसात रुतते. बक्कल किंवा वेल्क्रोचा जाड जोड त्या हाडाच्या टोकावर येऊ देऊ नका, पुढच्या किंवा आतल्या बाजूला घ्या. मोजा घसरतो म्हणून वर आणखी एक रबर चढवणं हा उपाय नाही. जागा बदला किंवा मोजा बदला.

इलॅस्टिकऐवजी हाताने विणलेल्या लोकरी पट्ट्याही मिळतात, मीटरभराहून लांब असतात. त्या पायाभोवती दोन-तीन वेढे घेऊन बाहेरच्या बाजूला गाठ मारून बांधायच्या, टोकं दुमडीखाली लोंबती ठेवायची. लोकरीवर लोकर घट्ट बसते, त्यामुळे कमी आवळूनही मोजा धरून राहतो. ज्यांना किल्ट वरचेवर नेसावी लागते त्यांनी या पट्ट्याच घ्याव्यात. शिकायला दहा मिनिटं लागतात आणि दिवसभर पाय सुखात राहतो.

फ्लॅश, सुरी आणि नाड्या

फ्लॅश म्हणजे गार्टरला जोडलेल्या रंगीत फितींची जोडी. दुमडीच्या खालून त्या इंच-दीड इंच डोकावल्या की पुरे. तीन इंच लोंबणारी फीत पताकेसारखी हलत राहते. त्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, किंचित पुढे झुकलेल्या असतात. नडगीची धार म्हणजे घड्याळातले १२ धरले तर उजव्या पायाची फीत २ ते ३ च्या मध्ये आणि डाव्या पायाची ९ ते १० च्या मध्ये. अगदी समोर नको, अगदी मागे नको. फीत पुढे सरकत असेल तर गार्टर पायाभोवती फिरतंय, म्हणजे सैल आहे. दुमड उंचीला बरोबर असेल आणि तरी फीत दिसत नसेल तर दुमड जास्त खोल आहे. मोजा वर ओढायचा नाही, दुमड कमी करायची.

स्कीअन डू, शब्दशः ‘काळी सुरी’, उजव्या हाताने काम करणारे उजव्या मोज्यात ठेवतात, डावखुरे डाव्या. म्यानासकट ती मोज्याच्या आत, पायाच्या बाहेरच्या अंगाला जाते आणि गार्टरचं इलॅस्टिक तिला बाहेरून दाबून धरतं. दुमडीच्या वर मुठीचा फक्त वरचा भाग, दोन-अडीच इंच, दिसायला हवा. मूठ पूर्ण बाहेर आलेली असेल तर नाचताना सुरी उडून पडते, हे लक्षात ठेवा. केलीच्या (स्कॉटिश सामूहिक नाच-गाण्याच्या मेळाव्याच्या) नाचात गोल फिरताना आणि उड्या मारताना पायाला चांगलाच झटका बसतो. मोजे फार वर घातले असतील तर याच मुठीचं टोक गुडघ्याच्या बाजूच्या हाडावर आपटत राहतं. सुरी टोचते अशी तक्रार असेल तर मोजा बोटभर खाली घ्या आणि सुरी किंचित पुढे सरकवा.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून सार्वजनिक ठिकाणी ही सुरी बाळगायला कायद्याने मुभा आहे, पण एखादा क्लब किंवा सभागृह आपल्या दारात ती अडवू शकतं. विमानात ती केबिनच्या पिशवीत चालत नाही, चेक-इन सामानातच टाकायची. पातं नसलेली, नुसती मूठ आणि म्यान असलेली नकलीही मिळते. भाड्याच्या पोशाखासाठी तीच बरी.

गिली ब्रोग हे जिभेविना बूट. त्यांच्या लांब नाड्या समोर पिळून घोट्याभोवती फिरवायच्या आणि घोट्याच्या हाडाच्या दोन-तीन इंच वर, समोर किंवा बाहेरच्या बाजूला बांधायच्या. त्या पोटरीवर चढवत नेल्या तर दोन गोष्टी बिघडतात. मोज्याची उभी वीण तुटक दिसते, आणि पोटरीचा स्नायू चालताना फुगतो तेव्हा नाड्या मोजा खाली ओढतात. नाडीची गाठ सुटून खाली लोळत असेल तर गाठ दुहेरी मारा, वर चढवू नका.

पायच वेगळा असेल तर

बारीक पाय. पोटरीला फुगवटाच नाही म्हटल्यावर गार्टरला टेकायला जागा नाही. जाड विणीचे, लोकर जास्त असलेले मोजे घ्या. नायलॉनचा मोठा वाटा असलेले पातळ मोजे अशा पायावरून पाण्यासारखे उतरतात. गार्टर लोकरी पट्टीचं असू द्या, आणि दुमड चार इंचांची घ्या. भरदार दुमडीने पायही भरलेला दिसतो.

जाड पोटरी. विणलेलं कापड आडवं ताणलं की त्याची उंची घटते. जाड पोटरीवर मोजा रुंदीत ताणला गेला की तो गुडघ्यापर्यंत पोचतच नाही, आणि दुमडायला कापड उरत नाही. लोक मग दोन इंचांची तोकडी दुमड करतात आणि ती तासाभरात उलगडते. उपाय एकच, मोठ्या पोटरीसाठी मुद्दाम रुंद विणलेला मोजा. तोच मोजा घरी ताणून ताणून मोठा करायचा प्रयत्न केला तर विणीची लवचिकता जाते आणि मग तो काहीच धरून ठेवत नाही.

लहान मुलं. त्यांच्या वाटीपासून दोन बोटं (मुलाचीच) पुरेशी. मुलांच्या पोटऱ्या सरळ असतात, म्हणून गार्टर लागतंच. पण तेही हलकं, आणि दर दोन तासांनी काढून पाय पाहायचा. मुलं दुखतं असं सांगत नाहीत, ओढत बसतात. ओढताना दिसलं की सैल करा.

पाइप बँड. तिथे माणसाची आवड चालत नाही. वादक वेगवेगळ्या उंचीचे असतात, म्हणून जमिनीपासून मोजून उपयोग नाही. प्रत्येकाने आपल्या वाटीपासून मोजायचं आणि बँडने बोटं ठरवून द्यायची, तीन म्हणजे सगळ्यांची तीन. रांग उभी राहिली की एकाने बाजूने चालत जाऊन फक्त गुडघे पाहायचे. स्पॅट (बुटावरून घोट्याभोवती चढवायचं कापडी आवरण) घालणारे बँड होज टॉप वापरतात, म्हणजे पाऊल नसलेले मोजे, आत वेगळे साधे मोजे घालून. त्यांना खाली टाचेची पकड नसते, म्हणून ते वर ओढताना घोट्याकडून सुटून येतात. आधी स्पॅटच्या आत खालची कड पक्की करा, मगच वरची जुळवा.

आणि एक सवलतही आहे. जाड बूट घालून डोंगरात भटकताना किंवा फुटबॉलच्या सामन्याला जाताना स्कॉटिश लोक मोजे सरळ घोट्यावर गोळा करतात, तेही जाड लोकरी मोजे, गार्टरविना. ते मुद्दाम केलेलं असतं आणि शोभतं. पण मग ते पूर्ण खालीच असावेत. पोटरीच्या मध्यावर थांबलेला मोजा कुठल्याच रिवाजात बसत नाही. लग्नाला, जेवणाला, पदवीदानाला मात्र तीन बोटंच.

हा काटेकोरपणा आला कुठून

हायलँडच्या, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, लोकांचे जुने मोजे विणलेले नव्हते. टार्टनचं (रंगीत चौकटींचं लोकरी) कापड तिरकं कापून, मागे शिवण घालून ते बनत. तिरकं कापड ताणलं जातं, म्हणून ते पायाला बसत असे. पण त्याला विणीसारखी पकड नसे, त्यामुळे गुडघ्याखालची बांधलेली पट्टी हाच त्याचा आधार होता. आजच्या चौकटीच्या मोज्यांवर चौकोन टोकावर उभे दिसतात, ती त्या तिरक्या कापडाची आठवण आहे. गार्टरच्या जागेचा नियम तेव्हापासूनचा.

बाकीचा टापटीपपणा सैन्याने आणला. ब्रिटिश राजाविरुद्धच्या १७४५ च्या बंडानंतर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषांना हा पोशाख बंद झाला, बंदी १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात हायलँड पलटणींना मात्र तो घालता येत होता. पलटणीत जे टिकलं ते कवायतीच्या शिस्तीत टिकलं. ब्लॅक वॉच पलटणीचे लाल-काळे आणि आर्गाइल पलटणीचे लाल-पांढरे चौकटीचे मोजे त्या शिस्तीची ओळख बनले. राजा चौथा जॉर्ज १८२२ मध्ये एडिनबराला आला, तेव्हा त्याने आखूड किल्टखाली कातडीच्या रंगाचे घट्ट पायजमे घातले होते. लोकांनी त्याची चेष्टा केली ती त्या आखूड किल्टसाठी आणि पायजम्यांसाठी. गुडघा उघडाच असतो, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

घेताना आणि धुताना

भाड्याच्या संचात बहुतेक वेळा क्रीम रंगाचे, एकाच मापाचे पातळ मोजे येतात. समारंभाच्या आदल्या दिवशी ते घालून घरात अर्धा तास फिरा, जिना चढा-उतरा, दहा मिनिटं मांडी घालून नाही तर खुर्चीवर बसा. कड बोटभराहून जास्त उतरली तर दुकानात बदलून घ्यायला वेळ असतो. विकत घेत असाल तर क्रीम सोडून गडद हिरवा, निळा, राखाडी किंवा किल्टमधल्या एखाद्या मंद रंगाचा जोड घ्या. पांढऱ्याकडे कललेला मोजा पाय नजरेत आणतो, त्यामुळे उंचीतली बारीकशी चूकही ठळक होते. गडद रंग ती पोटात घालतो. लोकर निम्म्याहून जास्त हवी, थोडं नायलॉन असलेलं चांगलं, टाच लवकर झिजत नाही.

धुताना आतली बाजू बाहेर काढा, ३० अंशांच्या खाली, लोकरीच्या साबणाने. गरम पाण्यात लोकर आटते आणि ती आधी लांबीत आटते. गेल्या वर्षी तीन बोटांवर बसणारा मोजा यंदा पाच बोटांवर का थांबतो, याचं कारण बहुतेक हेच. ड्रायरमध्ये कधीच नाही. ओला मोजा दुमडीला चिमटा लावून दोरीवर टांगू नका. पाण्याच्या वजनाने तो लांबतो आणि दुमडीची पकड जाते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, मग सावलीत आडवा पसरून वाळवा.

पुण्या-मुंबईला घेऊन आलात तर पावसाळ्याआधी पूर्ण वाळवून, गार्टर काढून, सुती पिशवीत कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसोबत ठेवा. कसर लोकरीला आधी दुमडीत लागते, कारण तिथे कापड दुहेरी असतं आणि उजेड पोचत नाही. म्हणून ठेवताना दुमड उलगडून ठेवायची.